बार सुटतो तेव्हा

21 नोव्हेंबर 2023, मंगळवार. 15 किलोचा बायकांचा बार, दोन्ही बाजूंना 20, 5 आणि अडीचच्या प्लेटा. एकूण 70 किलो. स्क्वॉट करायचा होता, म्हणजे बार पाठीवर घेऊन बैठक. बार पाठीवर घेऊन मी मागे आले, खाली बसले, आणि उठताना वाटेतच अडकले. कंबर वर गेली होती, छाती मात्र जिथल्या तिथे. बार मानेकडे सरकत होता आणि सगळा भार टाचांवरून चवड्यांवर आला होता. दोन-तीन सेकंद मी तशीच धडपडले, मग पुन्हा खाली गेले आणि बार रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या, आडव्या दांड्यांवर टेकवला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज शेडभर घुमला. कोणी काही बोललं नाही. माझ्याच फोनवर बाजूने व्हिडिओ काढणारा अकरावीतला मुलगा तेवढा म्हणाला, "काकू, कंबर आधी उठतीय तुमची."

त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की ती आजची गोष्ट नव्हे हे माझ्या लक्षात आलं. घरी येऊन जुने व्हिडिओ काढून बसले. 50 किलोच्या व्हिडिओत कंबर किंचित आधी उठत होती. 60 ला जरा जास्त. चूक वर्षभर माझ्यासोबत होती. हलक्या वजनाला पाठ ती निभावून नेत होती, एवढंच. वजन वाढलं की माणसाचा फॉर्म, म्हणजे उचलण्याची ढब, बिघडतो असं आम्ही सगळेच म्हणतो. मला आता ते तितकंसं पटत नाही. माझा फॉर्म 70 ला बिघडला नव्हता, तो 70 ला दिसला.

मी इथे कशी पोहोचले ते थोडक्यात सांगते. 2022 च्या फेब्रुवारीत मिरजेला आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती हिंडूफिरू लागली, पण त्या चार महिन्यांत हाडांच्या ठिसूळपणाबद्दल मी मिळेल ते वाचून काढलं. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला आहे. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका त्यात होत्या. त्यांच्यातल्या एका गटाने जाणकारांच्या देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा, स्क्वॉट आणि डेडलिफ्टसारखे (जमिनीवरून बार उचलून उभं राहण्याचे) व्यायाम चांगल्या जड वजनाने केले, म्हणजे एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80 ते 85 टक्क्यांनी. त्यांच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा सुधारली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. आईला पाहून आपलं पुढचं चित्र दिसत होतं, आणि ते बदलता येईल असं पहिल्यांदाच वाटलं.

त्याच वर्षी 30 जुलैला, शनिवारी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो वजनगटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेण्यात, 113, क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, 135, मिळून 248. सुवर्णपदक 249 ला गेलं. एका किलोने. 139 उचलताना त्याचा कोपर दुखावला, तरी शेवटच्या प्रयत्नाला तो पुन्हा बारसमोर येऊन उभा राहिला. गावात फटाके वाजत होते आणि मला मात्र तो कोपर धरून उभा राहिलेला मुलगाच दिसत होता. पुढच्याच आठवड्यात मी जिम लावली. सहा महिन्यांनी ती सोडून वेटलिफ्टिंगची मुलं जिथे सराव करतात अशा एका पत्र्याच्या शेडमधल्या व्यायामशाळेत आले. तिथे आरसा नाही, गाणी नाहीत, पंखे दोन. माझ्याहून मोठं वयाने कोण, तर फक्त तिथले प्रशिक्षक, आमचे सर.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरफ, टेकू, बल, भार हे शब्द वर्षातून कितीतरी वेळा फळ्यावर लिहिते. त्या मंगळवारी रात्री वाटलं, स्वतःच्या पाठीवर एवढी मोठी तरफ ठेवून हिंडतेय आणि एकदाही मोजलेली नाही. व्हिडिओ थांबवून दोन चित्रं छापून घेतली. एक अगदी खाली बसलेली, दुसरं जिथे अडकले तिथलं. 20 किलोची रबरी प्लेट 45 सेंटीमीटर व्यासाची असते, तेव्हा चित्रात मोजपट्टी आयतीच होती. बारच्या मधून खाली एक उभी रेघ काढली, खुब्याच्या सांध्यातून दुसरी, आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. खाली बसले होते तेव्हा सुमारे 20 सेंटीमीटर. अडकले तेव्हा सुमारे 30.

म्हणजे बार जेमतेम चार बोटं वर आला होता, पण खुब्यापासून दीडपट लांब गेला होता. 70 किलो म्हणजे साधारण 686 न्यूटन. 20 सेंटीमीटरवर त्याचं खुब्याभोवतीचं आघूर्ण, म्हणजे सांध्याभोवती फिरवणारा जोर, 137 न्यूटन-मीटर होतं, 30 वर ते 206. बारवर एक प्लेटसुद्धा वाढली नव्हती, पण माझ्या कंबरेच्या हिशेबाने ते वजन 105 किलोचं झालं होतं. हे गणित मी नववीच्या मुलांना दाराच्या कडीचं उदाहरण देऊन शिकवते. कडी बिजागरीपासून लांब असते म्हणून दार हलक्या हाताने उघडतं. इथे तोच नियम माझ्या विरुद्ध काम करत होता.

ती दोन चित्रं घेऊन गुरुवारी सरांकडे गेले. मांड्या कमी पडतात, अजून कोणता व्यायाम घालू, असं विचारणार होते. त्यांनी चित्रं नीट पाहिली, रेघांचं कौतुक केलं, आणि व्हिडिओ अगदी सुरुवातीपासून लावायला सांगितला. बार अजून रॅकमध्ये होता तिथेच त्यांनी तो थांबवला. "हे बघा. बार रॅकमधून सुटतोय तेव्हाच तुम्ही सैल आहात. खाली काय शोधताय?"

मी पुन्हा पाहिलं. बारखाली मी घाईने शिरत होते. हात एक पुढे, एक मागे. एक खांदा आधी लागत होता, मग दुसरा. बार सुटल्यावर मागे येताना पाच पावलं, आणि वर दोनदा पाय इकडेतिकडे. मग छाती फुगवून श्वास, आणि खाली. वर्षभर मी स्क्वॉट म्हणजे खाली जाणं आणि वर येणं एवढंच धरून चालले होते. त्याआधीचे दहा सेकंद माझ्या लेखी नुसती तयारी होती. खरं तर बैठक कशी उठणार ते त्याच दहा सेकंदांत ठरत होतं.

सरांनी वजन 45 वर आणलं. मला वाईट वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. 70 पर्यंत यायला पंधरा महिने लागले होते.

पहिले दोन आठवडे बार रॅकमधून सोडणं आणि परत ठेवणं, बव्हंशी एवढंच. खडूने जमिनीवर दोन पावलांच्या खुणा केल्या. बारच्या मधोमध उभं राहायचं. बारवर जिथे गुळगुळीत पट्टा संपून खरखर सुरू होते तिथून मोजून दोन्ही हात सारख्या अंतरावर. डोकं बारखालून पुढे काढताना आधी खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढायची, म्हणजे मानेखाली स्नायूंची एक जाड गादी तयार होते, आणि बार त्या गादीवर बसवायचा. मानेच्या मणक्यावर मुळीच नाही. बार गादीवर बसला की तो टोचत नाही. इतके महिने मी बारला टॉवेल गुंडाळत होते, तो टॉवेल त्या दिवशी सुटला. मग बार तळव्यांच्या मध्याच्या सरळ वर येईल असं त्याखाली जाऊन, दोन्ही पायांवर उभं राहून तो उचलायचा. एक पाऊल मागे, दुसरं मागे, तिसरं फक्त रुंदी जुळवायला. बस. प्रत्येक जादा पावलाला बार हलतो, आणि हललेला बार थांबवायला जी ताकद जाते ती खाली बसल्यावर परत मिळत नाही.

श्वासाला मात्र खूप दिवस लागले, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. लहानपणापासून "छाती पुढे, दीर्घ श्वास" ऐकलेलं. तसा श्वास घेतला की खांदे वर जातात आणि कंबर मोकळीच राहते. सरांनी माझे अंगठे माझ्याच कुशीत, बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, ठेवायला लावले. "श्वास इथे यायला पाहिजे. पुढे पोट फुगवू नका, बाजूंना आणि मागे पण ढकला." पहिल्या दिवशी अंगठ्यांखाली काहीच हललं नाही. रात्री झोपताना, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, शाळेत पर्यवेक्षणाच्या तासाला करत राहिले. साधारण दहाव्या दिवशी अंगठे बाहेर ढकलले गेले. पोट आत हवेने घट्ट झालं की कणा मागून स्नायूंनी आणि पुढून त्या दाबाने, दोन्हीकडून धरला जातो. हवा गच्च भरलेल्या ट्यूबवर उभं राहता येतं, अर्धवट भरलेल्या ट्यूबवर पाय दिला की ती बसते.

तो श्वास खाली जाण्याआधी घ्यायचा, कोंडायचा, आणि उठताना अवघड टप्पा पार होईपर्यंत सोडायचा नाही. दोन उठाबशांच्या मध्ये वर उभं राहून पुन्हा नवा घ्यायचा. श्वास असा कोंडला की रक्तदाब तेवढ्या वेळापुरता बराच चढतो, म्हणून ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. मी विचारलं होतं. बेल्टचं कामही तेव्हाच कळलं. मी तो कंबरेला आधार म्हणून आवळून बांधायचे. बेल्ट कंबरेला धरून ठेवत नाही. पोटाला बाहेर ढकलायला तो एक भिंत देतो. पोटाने ढकललंच नाही तर 10 सेंटीमीटर रुंदीचं ते चामडं नुसतं शोभेचं.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात अजून थोडा राग आहे. आधीच्या जिममध्ये मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे गेला की गुडघा गेला." मी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखं ते सहा महिने पाळलं. माझी मांडी लांब आहे. गुडघा मागे अडवून धरला की लांब मांडी कुल्ल्यांना मागे नेते, आणि तोल राखायला धड पुढे वाकवावंच लागतं. 2003 सालच्या एका प्रयोगात सात जणांना स्वतःच्या वजनाएवढा बार घेऊन दोन प्रकारे स्क्वॉट करायला लावले होते, एकदा गुडघे मोकळे आणि एकदा पुढे लाकडी फळी उभी करून ते अडवलेले. फळीमुळे गुडघ्यावरचं आघूर्ण सुमारे 150 वरून 117 न्यूटन-मीटरवर आलं. पण खुब्यावरचं सुमारे 28 वरून 303 वर गेलं. गुडघ्याची थोडी बचत करायला गेलो आणि सगळं ओझं कंबरेकडे पाठवलं. ज्यांचे गुडघे खरोखर दुखावलेले आहेत त्यांचं वेगळं. पण धडधाकट बाईला सरसकट असा नियम लावणं चूक आहे, आणि तो नियम आजही ठिकठिकाणी पहिल्याच दिवशी सांगितला जातो. सरांनी एवढंच सांगितलं, गुडघे बोटांच्या दिशेने जाऊ द्या, आत पडू देऊ नका, आणि टाच सोडू नका.

टाच सोडू नका म्हणणं सोपं. माझी टाच उचलली जायची, कारण घोटा पुढे वाकतच नव्हता. याचं मला नवल वाटलं. माझी आई खुबा मोडेपर्यंत उकिडवं बसून भाजी निवडायची, टाच जमिनीला टेकवून, अर्धा अर्धा तास. मीही बाराव्या वर्षापर्यंत तशीच बसत असणार. मग कधीतरी घरात कमोड आला, ओटा आला, शाळेत खुर्ची मिळाली, आणि उकिडवं बसणं सुटलं ते सुटलंच. वेटलिफ्टिंगचे बूट घेतले, त्यांची टाच सुमारे दोन सेंटीमीटर उंच आणि अजिबात न दबणारी असते. त्याआधी मी पळण्याच्या मऊ बुटांत स्क्वॉट करत होते, म्हणजे गादीवर उभं राहून बादली उचलण्यासारखं. पण बुटांवर सोडलं नाही. रोज संध्याकाळी मेथी, पालक, गवार जे असेल ते खाली बसून निवडायला लागले. पहिल्या आठवड्यात दाराची चौकट धरावी लागायची. आई पलंगावरून बघायची आणि "टाच टेकव, टाच" म्हणायची. सरांचेच शब्द, फक्त ती मला अगं म्हणते आणि सर अहो म्हणतात.

डिसेंबर आणि जानेवारी सगळा 45 ते 55 मध्ये गेला. खाली बसून मनात तीन आकडे मोजायचे आणि मग उठायचं, असे स्क्वॉट. हे दिसायला सोपे आहेत. खाली थांबलं की उसळी मारून वर यायची सोय राहत नाही. श्वास सैल असेल तर दुसऱ्या आकड्याला कळतं, भार चवड्यावर गेला असेल तर तिसऱ्याला. उठताना मनात एकच ठेवायचं: पाठ बारमध्ये वर ढकलायची. कंबर वर न्यायची आहे असा विचार केला की ती एकटीच जाते. पाठ वर जाते म्हटलं की छाती आणि कंबर एकत्र निघतात. का, ते मला पूर्ण उलगडलेलं नाही. शरीराला दिलेला हुकूम आणि शरीर जे करतं ते यांच्यामध्ये असं काही असतं. शेडमधली मुलं मधूनमधून येऊन बघून जायची. त्यांच्यातली एक चौदा वर्षांची मुलगी स्वतः 80 किलोचे फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांवर पुढे घेऊन बैठका, मारते. तिने मला सांगितलं की तिला बारऐवजी पहिले तीन महिने फक्त काठी दिली होती, प्लॅस्टिकची. तेव्हा माझं वाईट वाटणं पुष्कळ कमी झालं.

एक आणखी शिकले, पडायला. रॅकच्या आडव्या दांड्या मी खाली बसते त्याच्या दोन बोटं खाली लावून 40 किलोने मुद्दाम उठता उठता थांबायचं, पुन्हा खाली जायचं, बार दांड्यांवर ठेवायचा आणि पुढे सरकून बाहेर यायचं. पाच वेळा केलं. नोव्हेंबरच्या त्या दिवशी मी अडकले तेव्हा मनात फक्त भीती होती, आणि भीती वाटली की पहिल्यांदा श्वास सुटतो. बाहेर यायची वाट पायांना माहीत झाल्यावर श्वास जागेवर राहायला लागला.

70 किलो पुन्हा मार्च 2024 मध्ये लावले. तीन उठाबशा. मग वाढ फार सावकाश. सर्वसाधारण जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट सव्वा किलोची, म्हणजे एका वेळी अडीच किलोची उडी. माझ्यासारखीला ती उडी मोठी होते. या शेडमध्ये स्पर्धेसाठीच्या अर्ध्या किलोच्या प्लेटा आहेत, तळहातात मावतील एवढ्या. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एक किलो वाढतो. पहिल्यांदा त्या हातात घेतल्या तेव्हा मला 248 आणि 249 आठवले, आणि मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. एवढंसं ते लोखंड.

गेल्या मंगळवारी 82 होते. तिसऱ्या वेळी उठताना, मांडी जमिनीला समांतर होते त्याच्या जरा वर, बार थांबला. तो टप्पा प्रत्येकाला येतो, तिथे सांध्यांचे कोनच असे असतात की स्नायूंचा जोर कमी पडतो. जुनी ओढ अगदी स्पष्ट जाणवली. कंबर वर जाऊ दे, सुटशील. श्वास होता. टाच होती. पाठ वर ढकलत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, व्हिडिओत तो पावणेदोन सेकंद दिसतो. मग बार हलला आणि मी उभी होते. तो मुलगा आता बारावीला आहे, परीक्षेमुळे कमी येतो, पण त्या दिवशी होता. फोन परत देताना म्हणाला, "काकू, आता बरोबर निघतीय."

रात्री सवयीने चित्र थांबवलं, रेघा काढल्या. खाली 20. अडकले होते तिथे 22. वहीत तारीख घालून लिहिलं. आई जागीच होती, तिला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ दोन रेघांकडे पाहिलं आणि विचारलं, यातली तू कोणती.